गोचिडीचं औषध

गोचीड ओढून काढायची नसते. ओढली की तिचं धड हातात येतं आणि तोंड कातडीत राहतं. मग तिथे गाठ होते, गाठीत पू होतो, त्यावर माशी बसते. गोचीड आपण होऊन गळली पाहिजे. हे मला माझ्या बापाने शिकवलं. तो गावाची गुरं राखायचा. शाळेचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण गुराच्या अंगावर कुठे काय लपतं हे त्याला तोंडपाठ होतं. कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, मांडीच्या आतल्या अंगाला, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत. मी त्याच्यामागे काठी घेऊन हिंडायची, म्हणून त्याची विद्या माझ्याकडे आली. विद्या कसली, दोन औषधं.

एक साधं. करंजाचं आणि लिंबोळ्यांचं तेल सारखं घ्यायचं, त्यात थोडा निरगुडीचा रस आटवायचा आणि रोज चोळायचं. त्याला आठ-दहा दिवस लागतात. दुसरं जहाल. त्याच तेलात सीताफळाच्या बियांची पूड आणि तंबाखूच्या देठांचा आटवलेला काढा. ते लावलं की सकाळच्या गोचिडी दुपारपर्यंत गळतात. पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो. बाप बिया कुटायला बसला की वाऱ्याकडे पाठ करायचा आणि आम्हा सगळ्यांना अंगणाबाहेर हाकलायचा. तंबाखूचं तर त्याला भयच होतं. एका जनावराला एक मूठ देठ, त्याच्या वर एक काडी नाही. मूठही त्याने मला माझीच मोजून दाखवली होती, कारण औषध पुढे मीच करणार हे त्याला दिसत होतं.

आणि औषध लावलं की मुसकं बांधायचं. खळ्यावर बैलाने कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ती. जनावर स्वतःचं अंग चाटतं, त्यामुळे धुऊन काढेपर्यंत तोंड मोकळं ठेवायचं नाही. एकदा आमच्याकडे एका वासराचं मुसकं सुटलं आणि त्याने सगळी कूस चाटून काढली. संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाय लटपटत होते. दुसऱ्या दिवशी उठून प्यायला लागलं. एका मुठीचं औषध होतं ते. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

लग्न होऊन मी आष्टीजवळच्या एका गावात आले. मालक परतूरला रेल्वेच्या गँगवर होते, पंधरा-पंधरा दिवस घरी यायचे नाहीत. सासू माझ्या आधीच गेलेली. घरात मी, सासरे, एक गाय, दोन शेळ्या. सासरे कमी बोलणारे. ओढ्याकाठची चार वाफ्यांएवढी जमीन आणि धम्म घेतल्यावर भिंतीला लावलेली एक तसबीर, एवढंच त्यांचं जग होतं. माझं तेल त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. गाय तुकतुकीत झालेली बघून त्यांनी तिच्या कानात बोट घालून पाहिलं आणि मला म्हणाले,

"पोरी, औषध चांगलं हाय. पर आपल्या दाव्याच्या भाईर एक थेंब जायला न्हाई पायजे."

"का वो मामा? कुनाचं ढोर बरं झालं तर वाईट काय त्यात?"

त्यांनी मला बसवून सांगितलं. पूर्वी गावातलं जनावर मेलं की ओढून न्यायला आमच्या माणसांना बोलावणं यायचं. आणि पावसाळ्यात गुरं जास्त मरायला लागली की गाव म्हणायचं, ह्यांनीच विष घातलं, कातड्यासाठी. त्यांच्या थोरल्या भावाला एका म्हशीपायी चावडीसमोरच्या लिंबाला दिवसभर बांधून ठेवलं होतं. म्हैस कशाने मेली ते कुणालाच माहीत नव्हतं. भाऊ त्यानंतर फार दिवस जगला नाही. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी ते ओढायचं काम सोडलं, हलगी वाजवायचं सोडलं, पोळाबिळा सगळं सोडलं.

"काम सुटलं," सासरे म्हणाले. "ते बोलनं न्हाई सुटलं. उद्या तुह्या औषधानं एखादं ढोर गेलं, तर एकट्या तुला न्हाई धरायचे. समद्या वस्तीला धरतेन."

मला राग आला. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, राग कायम नाकावर. मला वाटलं, म्हातारा घाबरट आहे. जमाना बदलला तरी हे आपले मागचंच उगाळत बसतात. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि त्यांना घाबरट म्हणायची माझी लायकी नाही, हे मला कळतं.

आता तिच्याबद्दल सांगते. ती धनगराच्या घरची सून. त्यांची मेंढरं तिच्या सासऱ्याच्या काळातच संपली होती, आता शेती होती. आमची ओळख दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामावर झाली. एका ढिगाशी समोरासमोर बसायचो. कामावर दुपारी खायला सरकारी सुकडी वाटायचे. ती अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधून न्यायची. आधी मला वाटलं घरी लेकरू असेल. लेकरू नव्हतं, वासरू होतं. दुष्काळात त्यांची तीन जनावरं गेली होती. एक म्हातारा बैल आणि आई मेलेलं हे वासरू, एवढंच मागे राहिलं होतं. मी तिला चिडवायची, "सोता वाळून चालली आन् त्याला सुकडी चारती. उद्या त्यो तुला आई म्हनंल काय वं?" ती हसायची आणि गाठ आणखी घट्ट बांधायची.

लग्नाला सहा-सात वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. घरात दुसरी बायको करायच्या गोष्टी उघड चालायच्या, तिच्यासमोर. पण वासरू जगलं, खोंड झालं, आणि दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी पेरणीला म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपलं गेलं. तिच्यामुळे घराची जोडी पुरी झाली. मग दुसऱ्या बायकोच्या गोष्टी थांबल्या. नवरा तिला बाजारातून बांगड्या घेऊन आला. त्या बैलाच्या चार पायांवर तिचं घर उभं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्याच वर्षीचा पोळा. पाऊस भरपूर झाला होता, गवत माजलं होतं आणि गवताबरोबर गोचिडीही. पोळ्याच्या दोन दिवस आधी ती ओढ्याच्या बाजूने आमच्या घराच्या मागे आली. हातात झाकण घातलेलं गाडगं.

"तू औषध करती म्हनं गोचिडीचं."

"कोन म्हनलं?"

"कुनी कशाला म्हनाया पायजे? तुह्या गाईला करंजाचा वास येऊन राह्यला, आन् तिच्या अंगावर येक गोचीड न्हाई. मला काय डोळे न्हाईत का?"

तिचा खोंड गोचिडींनी भरला होता. कानात तर बोट घालायला जागा नव्हती, असं म्हणाली. नवरा सकाळीच ओरडला होता, असलं ढोर घेऊन वेशीत उभं राहायचं का म्हणून. त्याचा पहिला पोळा होता. बैल म्हणून गावासमोर तो पहिल्यांदाच उभा राहणार होता.

मी साधं औषध द्यायला निघाले. ती म्हणाली, याला किती दिवस? मी म्हटलं आठ. तिचं तोंड उतरलं. सासरे त्या दिवशी आष्टीच्या बाजाराला गेले होते. ते घरी असते तर मी तिला परत पाठवलं असतं का, हा विचार मी हजार वेळा केला आहे. बहुतेक नसतं पाठवलं. मला तिला खूश करायचं होतं, आणि त्याहून जास्त, माझी कला दाखवायची होती. खरं तेच सांगते.

तिला म्हटलं, उद्या सकाळी ये, जहाल देते. ती गेल्यावर मी वाऱ्याकडे पाठ करून सीताफळाच्या बिया कुटल्या. तेल तापवलं. तंबाखूचे देठ पाण्यात टाकायला घेतले. एक मूठ टाकली. मग वाटलं, खोंड अंगाने थोराड आहे, गोचिडी बेसुमार आहेत, वेळ एकच दिवस. शिवाय मूठ माझी, बाईमाणसाची. बापाची मूठ केवढी होती! असं मनाला समजावत मी दुसरी मूठ टाकली. बापाने माप माझ्याच मुठीचं शिकवलं होतं हे मला त्या क्षणीही आठवत होतं. मी ते आठवू दिलं नाही. काढा काळा झाला, इतका की थेंब लागलेल्या बोटाला कितीतरी वेळ मुंग्या येत राहिल्या. मी हात धुतला आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे वाफ्यांवर गेल्यावर तिच्या गाडग्यात औषध ओतून दिलं आणि नीट समजावलं. हाताला फडकं गुंडाळून लावायचं. डोळ्याजवळ न्यायचं नाही. आज दिवसभर आणि उद्या सकाळी नदीवर धुईपर्यंत मुसकं काढायचं नाही. चारताना काढलंच तर समोर उभं राहायचं, मान वळवू द्यायची नाही. तिने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. देठ दोन मुठी टाकलेत, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती घाबरून औषध घेऊन गेली नसती.

दुपारी ती बांधावरून ओरडली. "समद्या गळाल्या वं! एरंडीच्या बियांवानी सडा पडलाय गोठ्यात!" मी खुरप्यावरून मान वर करून हसले. मला फार अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी गावात खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या मानेला, खांद्याला लोणी आणि हळद चोळतात. वर्षभर जू ओढून तिथली कातडी सोललेली असते. मग घरची बाई बैलाला ओवाळते आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देते, पाहुण्याला देतात तसं. मी हे लहानपणी लांबून बघितलेलं. आमच्या घरात पोळा बंद झाला तेव्हा मी रांगत असेन. त्यामुळे औषध देताना ही संध्याकाळ माझ्या हिशेबातच आली नाही. पोळा म्हणजे उद्या सकाळी नदी आणि उद्या दुपारी मिरवणूक, एवढंच मी धरलं होतं. गावातल्या कुठल्याही दुसऱ्या बाईने हे औषध केलं असतं, तर तिला आधी खांदेमळणी आठवली असती.

पोळ्याच्या दिवशी दिवस वर आल्यावर ती पुन्हा घरामागे आली. डोक्यावर पदर नव्हता. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"बैलानं मान टाकली," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"उठंना. लाळ गळून राह्यली. अंग थरथर करून राह्यलं. पोट बी फुगलं."

मी एकच विचारलं, "मुसकं?"

"मुसकं काल सांजच्याला काढलं व्हतं. आवतन द्यायचं व्हतं न वं. जेवाया या म्हनायचं आन् पाव्हन्याचं तोंड बांधून ठिवायचं?"

"मंग परत बांधलं न्हाई?"

नव्हतं बांधलं. आवतण घेतलेल्या बैलाचं तोंड पोळा होईपर्यंत कोण बांधणार?

"लोनी लावलं? मानंला?"

"लावलं की. सोललेलं व्हतं, चांगलं जिरवलं."

म्हणजे सोललेल्या कातडीवर ते औषध लोण्याबरोबर चोळून आत गेलं होतं, आणि उरलेलं बैलाने चाटून पोटात घेतलं होतं. मी तिला भराभरा सांगितलं. काळी माती भिजवून सगळ्या अंगाला थापायची, ती तेल ओढून घेते. मग पाण्याने धुवायचं, पुन्हा थापायची, पुन्हा धुवायचं. चुलीतला कोळसा बारीक कुटून पाण्यात कालवून बांबूच्या नळीने पाजायचा, पण थोडा थोडा, नाहीतर छातीत जाईल. तिने सगळं ऐकलं आणि माझा हात धरला.

"तू चल. मला येकटीला जमायचं न्हाई. तू चल न वं."

सासरे मागच्या दारात उभे होते. कधीपासून, ते माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, तिच्याशी बोलले, आणि फार हळू बोलले.

"बाई, ही आज तुह्या गोठ्यात दिसली तर बैल वाचला तरी आमचं घर न्हाई वाचायचं. आन् न्हाई वाचला, तर मंग काहीच न्हाई वाचायचं. तू जा. जल्दी जा. हिनं सांगितलं तसं कर."

तिने माझा हात सोडला. तिला समजलं. गावात राहणाऱ्या माणसाला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ती ओढ्यातून पळत गेली, आणि मी तिथेच उभी राहिले. दोन लोकांचं काम होतं ते, एकाने मान धरायची आणि एकाने पाजायचं, हे मला माहीत होतं. तरी मी उभीच राहिले.

सासऱ्यांनी मला एक शब्द विचारला नाही. त्यांनी उखळ ओढ्यावर नेऊन वाळूने घासलं. उरलेल्या बिया आणि देठ उकिरड्यात खोल पुरले. तेलाची बाटली ओढ्यात रिकामी केली आणि फोडून टाकली. मग वस्तीत घरोघर जाऊन आले. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण थोड्या वेळाने आया लेकरांना हाका मारून आत घ्यायला लागल्या, आणि दोन-तीन बाप्ये कामाला न जाता ओट्यावर बसून राहिले. सासऱ्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गाईला गोठ्याच्या आतल्या बाजूला बांधली. तिच्या अंगाला अजून करंजाचा वास येत होता, म्हणून तिला शेणपाण्याने धुतली. गाय बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या लोकांनी हलगी सोडल्यापासून गाव पोळ्याला बाहेरून वाजंत्री आणायचं. दुपारी वाजायला लागलं की बैल वेशीकडे निघायचे, आणि दिवस कलला की पोळा फुटायचा, म्हणजे बैल वेशीतून सुटून घरोघर जायचे. त्या आवाजावर आम्ही लांबूनच वेळ ओळखायचो. मी कान लावून बसले होते. वाजलं म्हणजे बैल उठला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुपार झाली. वाजलं नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. वाजलं नाही. गावाच्या बाजूने कुत्र्याचाही आवाज येत नव्हता. वस्तीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका घरात लेकरू रडायला लागलं, तर त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं, हे मला इथून ऐकू आलं. मला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता पळत जावं आणि काय ते बघावं. आणि मला वाटत होतं, कुणी येऊच नये.

उन्हं पिवळी झाली तेव्हा ते आले. सहा-सात माणसं. पुढे गावातला एक वयस्क शेतकरी, सासऱ्यांशी एरवी रामराम-जयभीम करून बोलणारा. त्याच्यामागे तिचा नवरा. शिंगं रंगवायला घेतलेला रंग त्याच्या हाताला तसाच लागलेला होता. शिंगं अर्धीच रंगवून झाली असतील. त्याच्या दुसऱ्या हातात तिचं गाडगं होतं.

"खोंड गेला," वयस्क माणूस म्हणाला. "आज, पोळ्याच्या दिवशी."

सासरे म्हणाले, "लई वाईट झालं."

"ह्यातलं काही लावलं व्हतं त्याला. ती म्हनती, म्या सोता केलं, मह्या माहेरचं औषध हाय. कुनी दिलं न्हाई." त्याने गाडगं नवऱ्याच्या हातातून घेतलं. "गावात गोचिडीचं औषध कोन करतं, ते आमाला बी ठावं हाय. पर ती मार खाऊन बी तेच सांगून राह्यली. म्हनून इचारायला आलो."

मार खाऊन. तो माझ्यासमोर आला आणि गाडगं माझ्या नाकाशी धरलं.

"वास घे. हे तुहं हाय का?"

मी वास घेतला. करंज, निरगुडी, आणि सगळ्यावर चढलेला तंबाखू. माझ्या हाताचं औषध मला डोळे बांधले तरी ओळखता आलं असतं. ओट्यावर बसलेले बाप्ये उठून उभे राहिलेले मला कडेने दिसत होते. सगळ्या दारांआड माणसं होती. सासरे माझ्या शेजारी होते, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"न्हाई," मी म्हणाले. "आमचं न्हाई. आमच्यात तंबाखू नसती."

तिचा नवरा मागून ओरडला, खोटं बोलती, ह्यांचं रगतच तसलं, ढोरं मारून खाणारी जात. दोघांनी त्याला धरला. वयस्क माणूस माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला खरं कळलं होतं असं मला आजही वाटतं. पण ती कबूल करत नव्हती, मी कबूल करत नव्हते, आणि त्याला सणाच्या दिवशी रक्त नको होतं. तो सासऱ्यांना म्हणाला, "मंग ढोर ओढून न्यायला तरी मानसं द्या. पैल्यासारखी."

सासरे म्हणाले, "औषध आमचं न्हाई. आन् ढोर आमी ओढनार न्हाई."

मला वाटलं आता होणार. कुणीतरी खाली वाकून दगड उचलेल. पण कुणी वाकलं नाही. वयस्क माणसाने गाडगं तिथेच ओट्याच्या दगडावर आपटून फोडलं आणि ते परत फिरले. दिवस बुडायच्या बेताला गावात वाजायला लागलं. एक बैल गेला म्हणून गावाचा पोळा थांबत नाही. सासरे घरात जाऊन तसबिरीखाली बसले, आणि मी ओट्यावरच्या खापऱ्या गोळा केल्या, पाणी ओतून दगड घासून घेतला.

तिच्यावर काय काय गेलं ते मला खुरपायला येणाऱ्या बायकांकडून कळत राहिलं. मूल नाही ते नाही, आणि वर घरचा बैल सणाच्या दिवशी स्वतःच्या हाताने मारला. तिला गोठ्यात झोपायला लावलं. तिच्या हातचं पाणी सासू पिईना. दुसऱ्या बायकोच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, या वेळी नुसत्या गोष्टी नव्हत्या. मी ऐकायची आणि खुरपं चालवायची. बोलले असते तर वस्तीवर चालून आले असते, असं मी स्वतःला सांगायची. ते खरंही होतं. त्या दिवशी ओट्यावर मी जे बोलले त्याबद्दल मला कुणी दोष देत नाही, आणि मीही फारसा देत नाही. तेव्हा माझ्या एका शब्दावर तीसएक घरं होती.

पण त्यानंतरचं एक आहे. ते मी मालकांनाही कधी सांगितलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी आष्टीच्या रस्त्याकडेच्या रानात एकटीच गवत कापत होते. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. तिचं माहेर लांब, टेंभुर्णीकडे. आष्टीला जाऊन गाडी धरायची होती. भाऊ बोचकं डोक्यावर घेऊन बराच पुढे निघून गेला होता आणि ती मागून येत होती, एक पाय ओढत. मला बघून थांबली. डोळ्याखाली पिवळं पडलेलं होतं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना लांबपर्यंत कुणी नव्हतं. आम्ही दोघीच.

मला वाटलं ती शिव्या देईल. मी तयार होते. ती बांधाच्या कडेला आली आणि म्हणाली,

"मुसकं म्याच काढलं व्हतं. त्येंनी न्हाई. त्ये म्हनले व्हते, र्‍हाऊ दे बांधलेलं. पर त्याचा पैला पोळा व्हता, मला बघवंना. तू येवढं बजावून सांगितलं, आन् म्या माती केली. मह्या हातानं गेला त्यो." तिने पुढे गेलेल्या भावाकडे पाहिलं. "तुला बी उगं तरास झाला मह्यापायी."

ती माझी माफी मागत होती.

माझ्या तोंडात दोन शब्द होते. दोन मुठी. एवढंच सांगायचं होतं. एका मुठीचं असतं तर चाटूनही मेला नसता गं, माझ्या बापाचं वासरू मेलं नव्हतं, चूक तुझी नाही. तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. वस्ती नव्हती, गाव नव्हतं, सासरे नव्हते. सांगितलं असतं तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता, फक्त ती मला ओळखून गेली असती.

मी म्हणाले, "जेवून निघाली का?"

तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पुढून भावाने हाक मारली. ती पाय ओढत त्याच्यामागे गेली आणि मी गवत कापायला बसले.